सोलापुरात महिन्याचा बाजार कुठं आणि कसा करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत येतात. विचारणारे म्हणजे बदली होऊन आलेल्या नर्सबाई, खोली घेऊन राहणारी कॉलेजची पोरं, पेशंटसोबत सिव्हिलला आलेले आणि पंधरा दिवस अडकून पडलेले नातेवाईक, नाहीतर पुण्यात नोकरी करणारी मुलं, ज्यांचे आईवडील इथंच राहिलेत. मी पूर्व भागात वाढले. आई बिड्या वळायची, वडील लूमवर होते. आता मी एका होलसेल किराणा दुकानाचे हिशेब लिहिते, म्हणून गल्ल्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं दोन्हीकडचं थोडंफार माहीत आहे. खाली भाव दिलेले नाहीत. तुम्ही वाचेपर्यंत ते शिळे झालेले असतील.

सोलापूर तर स्वस्त शहर आहे म्हणतात. मग लोक महागाई महागाई का करतात?

पुण्याहून आलेल्याला सगळंच स्वस्त वाटतं, कारण त्याचा पगार पुण्याचा असतो. इथल्या माणसाची मिळकत इथली असते. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांवर हे शहर उभं राहिलं. त्या एकेक करून बंद पडल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, आणि त्यातल्या कितीतरी घरांचं पोट आजही यंत्रमाग, टॉवेल-चादर, शिलाई आणि बिडी यांवर चालतं. बिडीची मजुरी हजार बिड्यांमागं मिळते, लूमची कामावर. पैसा घरात येतो तो आठवड्याला, तोही थोडा.

म्हणून इथं ‘स्वस्त कुठं मिळतं’ याला एकच उत्तर नाही. एका वेळी किती घेता येतं, तिथवर जायला किती लागतं आणि पैसे आज द्यायचे की शनिवारी, हे तिन्ही धरल्याशिवाय भाव कळत नाही.

किराणा महिन्याचा एकदम भरावा की लागेल तसा आणावा?

हातात रक्कम असेल तर एकदम. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना जमत नाही त्यांना तर जास्तच माहीत आहे.

आमच्याकडं आई शनिवारी पैसे आले की मला पिशवी आणि काचेची बाटली देऊन पाठवायची. पावशेर तेल, अर्धा किलो साखर, पन्नास ग्रॅम चहा, एक काडेपेटी. दुकानदार काका नरसाळं लावून तेल ओतायचे आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत मी नरसाळं हलू द्यायची नाही. (सुटं खाद्यतेल विकायला आता बंदी आहे, भेसळीमुळं. तरी काही ठिकाणी मिळतं. घेऊ नका.) तेच तेल पंधरा किलोच्या डब्यानं घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, हे आईलाही कळत होतं. पण डब्याचे पैसे एकरकमी कधीच नव्हते. गरिबाला किलोमागं जास्त मोजावं लागतं ते असं.

आता काम सोपं करणारी एक गोष्ट झाली आहे. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली दर छापलेला असतो. तो वाचायची सवय लावा, विशेषतः तेलाला. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण शेजारीच तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते. समजा लिटरची पिशवी १५० ला आहे आणि ८५० ग्रॅमची १४३ ला. दुसरी सात रुपयांनी स्वस्त वाटते. हिशेब केला तर पहिलीत शंभर ग्रॅमला साडेसोळा रुपये पडतात, दुसरीत सोळा रुपये ऐंशी पैसे. आमच्या काउंटरवर दिवसातून दहा बायका दुसरी उचलतात.

आणि दर वेळी मोठंच पाकीट स्वस्त असतं असंही नाही. शाम्पूची पुडी बाटलीपेक्षा मिलीमागं बऱ्याचदा स्वस्त पडते. पुडीची माळ घेतली म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

जीएसटी कमी झाला म्हणतात, तो आमच्यापर्यंत आला का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मोठ्या पाकिटांच्या किमती उतरल्या. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचं वेगळं असतं. तिथं किंमत सुट्ट्या नाण्याला बांधलेली, म्हणून कंपन्यांनी भाव तोच ठेवून आत वजन वाढवलं. पाचाचा पुडा पाचालाच मिळतोय म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आधी ग्रॅम बघा.

तांदूळ, डाळ, पीठ सुटं घ्यावं की पाकिटातलं?

सुटं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के कर लागला. तेच पोत्यातून तोलून दिलं तर कर नाही. त्यानंतर बाजारात २६ आणि ३० किलोच्या तांदळाच्या गोण्या का दिसायला लागल्या, ते यावरून ओळखा.

सुट्याचा दुसरा फायदा म्हणजे मुठीत घेऊन बघता येतं. तूरडाळ दातांखाली चावून बघा, कटकन तुटली पाहिजे. तोटा असा की कधी दळलं, कधी भरलं याचा पत्ता नसतो. म्हणून हळद-तिखट सुटं घेऊ नये. मिरच्या घेऊन डंकावर कुटून आणावं. डंकावर उभं राहून शिंका खायची तयारी हवी, एवढंच.

सुटा माल मधला मारुती आणि कुंभार वेशीकडं. एकट्यासाठी दोन किलो घ्यायला एवढ्या लांब गर्दीत जाऊ नका, रिक्षाचं भाडं डाळीवर चढतं. चार घरं मिळून जा.

मंगळवार बाजारात खरंच सगळं मिळतं का?

जवळजवळ. भाजी, सुकी मिरची, लसूण, गाडग्या-मडक्यांपासून प्लास्टिकच्या बादल्यांपर्यंत, जुने कपडे, चपला, खिळे, कुलपं, विळे. जुन्या वस्तूंच्या रांगेत एकच चप्पल घेऊन बसलेला माणूसही मी पाहिलाय. दुसरी कुठाय विचारलं तर म्हणाला, ‘आणतो की पुढच्या मंगळवारी.’

जाताना मोबाईल आतल्या खिशात ठेवा. सुटे पैसे न्या. भाव मराठीत विचारा, तेलुगूत विचारा, कन्नडमध्ये विचारा, उत्तर त्याच भाषेत येईल. पेठेतल्या म्हाताऱ्या भाजीवालीला तेलुगूत ‘एंत?’, म्हणजे ‘किती?’, म्हटलं की ती आधी तुमच्या तोंडाकडं बघते आणि मग एक मिरची जास्त घालते. हे मी दर आठवड्याला अनुभवते, तरी यात काही नियम नाही.

एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना कळत नाही. इथं नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर नसो, तीन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येतं. पाण्याचा दिवस मंगळवारी आला की घरातली बाई नळ सोडून हलू शकत नाही. मग त्या आठवड्याची भाजी गल्लीतल्या गाड्यावरून चढ्या भावानं. बाजाराचा वार ठरलेला असतो, पाण्याचा नसतो.

भाजी सगळ्यात स्वस्त कुठं?

पहाटे हैदराबाद रोडच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीत. पण तिथं किलोवर नाही, कॅरेटवर आणि गोणीवर सौदा होतो. लिलाव संपल्यावर छोटे व्यापारी तिथंच माल फोडून विकतात, तो वेळ साधायचा. आमच्या वाड्यातल्या पाच जणी मिळून टोमॅटोचं एक कॅरेट, मेथीच्या पंचवीस पेंड्या आणि कांद्याची एक गोणी आणतात, मग ओट्यावर बसून वाटणी करतात. रिक्षा आणि हमाली धरूनही परवडतं. मात्र पाच जणी हव्यात आणि पाचींचं पटायला हवं. दुसरं जास्त अवघड.

कांद्यासाठी ही देशातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. थंडीत शेकड्यांनी ट्रक येतात. भाव पडला की शेतकरी रडतो आणि आपण गोणी उचलतो. मला ते कधीच नीट वाटलेलं नाही, पण गोणी मीही उचलते.

पहाटे जमत नसेल तर लक्ष्मी मंडई किंवा कस्तुरबा मंडई, तीही दिवेलागणीनंतर. पालेभाजीवाल्यांना उरलेल्या पेंड्या घरी न्यायच्या नसतात. वाट्यावर घेताना वाटा आपल्यासमोर पिशवीत ओतायला सांगा, खालचा किडका माल तेव्हाच दिसतो.

एवढं कशाला? डीमार्ट आहे की.

आहे, आणि पाकीटबंद मालाला तिथला भाव बहुतेक वेळा चांगला असतो हे मी दुकानात काम करत असूनही कबूल करते. ज्याच्याकडं दुचाकी आहे आणि महिन्याला एकदम तीन-चार हजार काढता येतात, त्यानं जावं.

अडचण जाण्याची आहे. सोलापूरची एसएमटी, म्हणजे महापालिकेची बस, एकेकाळी बरी चालायची. केंद्राच्या योजनेतून नव्या बस आल्या, त्यांच्या चॅसीला तडे गेले आणि त्या डेपोत लागल्या. तेव्हापासून शहर शेअर रिक्षावर चालतं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं. २०२५ मध्ये गोव्याचं विमानही सुरू झालं. पण अशोक चौकातून किराणा आणायला बस कधी येईल, हे थांब्यावरच्या माणसाला कुणी सांगू शकत नाही. जाऊन येऊन दोन माणसांचं रिक्षाभाडं पकडा आणि मग वाचलेले पैसे मोजा. शिवाय तिथं कढई, टी-शर्ट, पॉपकॉर्न दिसतात. यादीबाहेरचं काही न घेता बाहेर पडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आम्ही कुंभारीला रे नगरमध्ये राहायला आलोय. बाजार कुठं करायचा?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. कुंभारीत आधी २००६ मध्ये बिडी कामगारांची दहा हजार घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावची. मग असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. स्वतःचं पक्कं घर मिळालं, ही लहान गोष्ट नाही. भाड्याच्या दहा बाय दहात चार पोरं वाढवलेल्या बाईला विचारा.

पण घर आधी येतं आणि मंडई मागून. नव्या वसाहतीत पहिलं दुकान निघतं ते कुणाच्या तरी पुढच्या खोलीत : बिस्किटं, साबण, तेलाच्या पिशव्या, वर पुड्यांच्या माळा. त्याचा खप कमी, तो माल आणतो शहरातूनच रिक्षानं, म्हणून रुपया-दोन रुपये चढे. त्याला लुटारू म्हणू नका. उपाय दोन. कामाला शहरात येणाऱ्या माणसानं परतताना आठवड्याचा किराणा आणायचा, म्हणजे भाडं वेगळं पडत नाही. आणि एका इमारतीनं मिळून फोनवर यादी द्यायची. रक्कम मोठी झाली तर होलसेलवाले टेम्पो पाठवतात. आमच्या दुकानातून असे टेम्पो जातात, भाडं यादीतल्या सगळ्यांत वाटलं जातं.

रेशनवर काय मिळतं आणि कुणाला?

राज्यात १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आहेत : पिवळं, केशरी, पांढरं. धान्य मात्र रंगावर नाही, अन्नसुरक्षा यादीवर मिळतं. २०१३ च्या कायद्याप्रमाणं अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. प्राधान्य यादीसाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये. वाचून हसू येतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं मिळून यापेक्षा जास्तच होतं.

‘केशरी कार्ड आहे, पण धान्य येत नाही’ असं म्हणणाऱ्यांचं नाव बहुधा यादीत चढलेलं नसतं. शहरी महाराष्ट्रात साधारण ४५ टक्के लोकांनाच या यादीत घेता येतं. इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली संख्या, भरला की नवं नाव थांबतं. अर्ज अन्नधान्य वितरण कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची आणि बारा अंकी नंबर ऑनलाइन झाला का ते दर महिन्याला विचारत राहायचं. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरलं जातं.

आईचा थम लागत नाही. दुकानदार परत पाठवतो. काय करायचं?

हे आमच्याच घरात झालं. चाळीस वर्षं पानं कातरून, सूत गुंडाळून आईच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्यात. मशीनवर तिनं अंगठा ठेवला, नाही लागला. पदराला पुसून ठेवला, नाही. मागच्या बाईनं खोबरेल लावून बघा म्हणून सांगितलं, तेही झालं. दुकानदार म्हणाला, ‘उद्या या.’ उद्याही तेच. तिसऱ्या दिवशी मी दांडी मारून गेले आणि माझा थम दिला. धान्य लगेच निघालं.

तर : कार्डावर नाव असलेल्या कुणाही माणसाचा थम चालतो, कार्डधारकाचाच लागतो असं नाही. नव्या मशीनवर डोळ्याचा स्कॅनही आहे, तो करायला सांगा. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी करून ठेवा, पुण्यात असलेल्या मुलाचंसुद्धा. तो तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात करू शकतो. धान्यही तिथं उचलता येतं, कार्ड देशभर चालतं. आणि पावती मागा. मशीनमधून निघालेल्या पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळत नसतील तर १९६७ वर फोन करा.

दुकानदाराकडं खातं ठेवावं का?

ज्याला शनिवारीच पैसे मिळतात त्याला खात्याशिवाय गत नाही. डीमार्ट बुधवारी उधार देत नाही. गल्लीतला दुकानदार देतो, पोराला ताप आला तर वरून शंभर रुपयेही देतो. त्याची किंमत तो मालात लावतो, आणि लावणारच, कारण त्यालाही आमच्यासारख्या होलसेलवाल्याचे पैसे द्यायचे असतात.

दोन गोष्टी पाळा. वही दोन ठेवा, एक त्याची, एक तुमची, आणि लिहिताना समोर लिहा. पोराला खात्यावर सामान आणायला पाठवू नका, पोरं कुरकुरे लिहून आणतात. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले तेव्हा बऱ्याच बायकांनी पहिल्यांदा जुनं खातं मिटवलं. हप्ता लांबला की वही परत भरायला लागते, तेही मी बघते.

दिवाळीसाठी किराण्याची भिशी लावणं मात्र फायद्याचं, पण ओळखीच्या दुकानातच, आणि काय किती मिळणार ते कार्डावर लिहून घेऊन. ‘दिवाळीला बघू’ म्हणणाऱ्याकडं लावू नये.

सोलापुरात येऊन ज्वारी गव्हापेक्षा महाग? हे कसं?

मलाही अजून पचलेलं नाही. मंगळवेढ्याची मालदांडी शेजारी पिकते आणि इथला मजूर रेशनच्या गव्हाच्या चपात्या खातो. रेशनवर गहू-तांदूळ येतो, कधीमधी ज्वारी आली की रांगेत बातमी पसरते. पोतं घ्यायचं तर सुगीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये घ्या, उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. एकटं राहणाऱ्यांनी बचत गटाच्या बायकांकडून कडक भाकरी घ्यावी. महिनाभर टिकते, सोबत शेंगाचटणी असली की रात्री गॅस पेटवावा लागत नाही.

चादरी-टॉवेल कुठून घ्यावेत?

कपडे चाटी गल्लीत. टॉवेल कारखान्याच्या दुकानातून, ‘सेकंड’चा माल किलोवर मागा. कडेला एखादा धागा सुटलेला असतो, अंग पुसायला काही फरक पडत नाही.

पेशंट सिव्हिलला आहे, रोज बाहेर जेवणं परवडत नाही.

शिवभोजन केंद्र विचारा. २६ जानेवारी २०२० पासूनची योजना, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, दुपारी लवकर जा. सरकारकडून बिलं थकली की केंद्रं बंद पडतात, म्हणून आधी चालू आहे का ते बघा. औषधं जनऔषधी केंद्रातून, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा.

एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर?

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. ‘थंड करायचे दोन रुपये’ हा कर नाही. बिल मागा, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. वजनाची शंका असेल तर काट्यावर वैधमापनचा शिक्का आणि तारीख बघा. मिठाई तोलताना खोकं आधी काढायला लावा. गल्लीतल्या म्हातारीच्या टोपलीवर हे कायदे लावायला जाऊ नका, ती तराजूत शेवटी दोन वांगी टाकते तेव्हा कुठं मोजता?

गड्ड्यात खरेदी करावी का?

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या सुमारास, होम मैदानावर. पाळणे, खेळणी, फुटाणे यांना भाव चढलेला असतो. पण पोळपाट, लाटणं, तवा, झारा, उलथनं तिथून घ्यावं, आणि तेही शेवटच्या दोन-तीन दिवसांत. बाहेरगावच्या दुकानदाराला माल परत न्यायचा नसतो. आमच्या घरातला तवा असाच शेवटच्या रात्री घेतलेला आहे, दुकानदार ताडपत्री सोडत होता आणि आई दहा रुपयांवरून हटत नव्हती.